रोग्याचें अन्नपाणी

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे प्रथम डॉक्टरांस बोलावणें जातें, मग औषधाची बाटली येते, आणि ती उशाशीं ठेवली कीं आपलें कर्तव्य संपलें असें पुष्कळांस वाटतें. परंतु डॉक्टर रोग्याजवळ दहा मिनिटें असतात. उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटें रोगी घरच्या माणसांच्या हातीं असतो. या वेळांत त्याच्या पोटांत काय गेलें, किती गेलें, आणि शरीरांतून किती बाहेर पडलें, यावर त्याचें बरें होणें पुष्कळ अंशीं अवलंबून असतें. शुश्रूषेचीं अनेक अंगें आहेत. त्यांपैकीं अन्न व पाणी हें एकच अंग आम्ही या लेखांत घेणार आहों. तें शिकण्यास रुग्णालयांत जावें लागत नाहीं. एक पेला, एक चमचा, एक वही व एक पेन्सिल एवढें साहित्य पुरे, आणि तें आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरीं आहेच.

शरीरांतील आवक-जावक

मनुष्याचें शरीर दिसण्यांत घट्ट, पण वस्तुतः त्यांतील अर्ध्याहून अधिक भाग पाणीच आहे. प्रौढ पुरुषाच्या वजनांत शेंकडा सुमारें ६० भाग पाणी असतें. स्त्रियांत व वृद्धांत तें थोडें कमी, आणि नुकत्याच जन्मलेल्या बालकांत शेंकडा ७५ च्या आसपास असतें. ५० किलो वजनाच्या पुरुषाच्या अंगांत या हिशेबानें सुमारें ३० लिटर पाणी होतें. हें पाणी निव्वळ पाणी नव्हे. त्यांत मीठ व इतर क्षार ठराविक प्रमाणांत विरघळलेले असतात, आणि हृदय, मेंदु, स्नायु यांचें काम तें प्रमाण राहील तोंवरच नीट चालतें.

निरोगी प्रौढ मनुष्य स्वस्थ बसून असला तरी दिवसाकांठीं सुमारें अडीच लिटर पाणी खर्च करतो. लघवीवाटे १५०० मिलिलिटर, कातडीवाटे ५००, श्वासावाटे ४०० आणि शौचावाटे १०० असा हा खर्च असतो. जमेची बाजू अशी: पिण्यांतून १५०० मिलिलिटर, भात, भाजी, वरण इत्यादि अन्नांतून ७००, आणि खाल्लेलें अन्न शरीरांत जळतांना जें पाणी उत्पन्न होतें तें ३००. दोन्ही बेरजा २५०० च येतात. दुकानदार ज्याप्रमाणें रोज रात्रीं वही मिळवितो, त्याप्रमाणें शरीर आपली वही रोज मिळवीत असतें. वैशाखांतील उन्हांत शेतावर काम करणाराचा घामच कित्येक लिटर जातो. तेव्हां त्याची तहानही तितकीच वाढते.

तहान ही या दुकानाची मुनीम होय. परंतु हा मुनीम नेहमीं कामावर नसतो. तान्हें मूल तहान लागली असें सांगूं शकत नाहीं. तापाच्या भरांत बडबडणाऱ्या रोग्यास तिचें भान नसतें. म्हातारपणीं तर तहानेची जाणीवच मंद होते. शिवाय रात्रीं उठावें लागूं नये व कोणास त्रास देऊं नये, म्हणून कित्येक आजोबा-आजी सायंकाळपासून पाण्यास शिवतही नाहींत. अशा वेळीं मुनिमाचें काम शुश्रूषा करणारानें आपल्याकडे घ्यावयाचें असतें.

एका उन्हाळ्यांतील गोष्ट

कांहीं वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही आपल्या गांवीं गेलों होतों. शेजारच्या घरीं चार वर्षांच्या मुलास पहांटेपासून जुलाब व वांत्या होऊं लागल्या. सकाळींच ही बातमी आमच्या कानीं आली, आणि त्याचें पाणी बंद केलें आहे हेंही कळलें. वर्गांत आरोग्यशास्त्र शिकविणाऱ्या आम्हांस ही चूक ठाऊक होती. परंतु त्या घरच्या आजी वडीलधाऱ्या. साऱ्या आळीनें त्यांचा सल्ला घ्यावा अशा. त्यांना आपण काय सांगावें, या संकोचानें आम्ही गप्प राहिलों. दुपार कलली, मुलाच्या रडण्याचा आवाज क्षीण झाला, तेव्हां मात्र राहवेना, म्हणून गेलों. मूल ओसरीवर निजलें होतें. डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. तें रडत होतें, पण डोळ्यांत टिपूस नव्हतें. पाण्याच्या तांब्याकडे तें एकसारखें बोट दाखवीत होतें.

आजी म्हणाल्या, "मास्तर, पाणी पाजलं कीं लगेच उलटून पडतं, नाहीं तर जुलाब होतो. म्हणून ओंठ तेवढे भिजवतें. पोटाला विसांवा नको का?"

आम्ही म्हणालों, "आजी, तुम्ही मायेपोटींच हें करतां. पण पाण्यानं जुलाब होत नाहींत. जुलाबानं अंगांतलं पाणी जातं. गळक्या घागरींत ओतणं थांबवलं म्हणून गळती थांबत नाहीं; घागर मात्र रिकामी होते."

आजी क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग हें सकाळींच कां नाहीं सांगितलंत?"

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजही नाहीं.

आरोग्य उपकेंद्रांतून जलसंजीवनीच्या पुड्या आणविल्या. मूल शुद्धीवर होतें व पिण्यास उत्सुक होतें, म्हणून घरींच आरंभ केला. तरी तालुक्याच्या रुग्णालयांत नेण्याकरितां गाडी सांगून ठेविली. मुलाची बहीण आठवींत शिकत होती. तिनें घड्याळ समोर ठेविलें आणि दर मिनिटास एक लहान चमचा याप्रमाणें पाजण्यास सुरुवात केली. एकदां वांती झाली. दहा मिनिटें थांबून तिनें पुन्हां, जरा सावकाश, चमचा पुढें केला. प्रत्येक चमच्यास एक रेघ, अशी नोंद ती गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर करीत होती.

एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. कोणास ही मात्रा हास्यास्पद वाटेल. पण तासाचे साठ चमचे म्हणजे ३०० मिलिलिटर, आणि चार तासांचे १२०० होतात. डोळे खोल गेलेल्या, तहानेनें व्याकुळ झालेल्या मुलास पहिल्या चार तासांत वजनाच्या दर किलोमागें सुमारें ७५ मिलिलिटर द्यावे असा नियम आहे. तें मूल सुमारें १४ किलोंचें होतें. म्हणजे त्यास एक लिटरच्या वर थोडें हवें होतें, आणि तें चमच्यानें पुरें झालें. रात्रीं नवाच्या सुमारास मुलानें लघवी केली. आजींनीं हात जोडले. एवढ्याशा बातमीनें इतका आनंद झालेलें घर आम्हीं त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें.

हें ज्ञान कसें मिळालें

चमच्यांतील या उपायामागें दीर्घ इतिहास आहे. इ. स. १८३१-३२ मध्यें इंग्लंडांत पटकीची सांथ आली असतां विल्यम ओशॉनेसी नांवाच्या तरुण डॉक्टरानें रोग्यांचें रक्त तपासून असें दाखविलें कीं, त्यांतील पाणी व क्षार नाहींसे झालेले असतात. पुढें हेच गृहस्थ कलकत्त्यास आले व हिंदुस्थानांत तारायंत्र पसरविण्याच्या कामीं अग्रेसर झाले. १८३२ त स्कॉटलंडांतील लीथ येथें डॉ. थॉमस लॅटा यांनीं पटकीच्या रोग्यांच्या शिरेंत क्षारयुक्त पाणी सोडून पाहिलें, आणि मरणोन्मुख झालेलीं कांहीं माणसें त्यानें सावध झालीं. परंतु शिरेंतून पाणी देण्यास सुई, नळी, निर्जंतुक बाटल्या व शिकलेला मनुष्य लागतो. खेड्यांतील रोग्यास हें सारें कोठून मिळणार?

या अडचणींतून वाट निघाली ती आंतड्याच्या अभ्यासानें. ग्लुकोज साखर व मिठांतील सोडियम हीं दोन्हीं आंतड्याच्या पेशींत एकाच दारानें, एकमेकांच्या सोबतीनें शिरतात, असा सिद्धान्त १९६० त रॉबर्ट क्रेन यांनीं मांडला. तीं आंत गेलीं कीं त्यांच्यामागून पाणीही जातें. पटकींत शरीर आंतून झरत असतें, तरी हें दार शाबूत राहतें. म्हणून नुसत्या पाण्यानें किंवा नुसत्या मिठाच्या पाण्यानें जें होत नाहीं, तें साखर व मीठ यांच्या योग्य मिश्रणानें होतें. १९६८ त डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश यांनीं ढाक्यास पटकीच्या रोग्यांवर याचा यशस्वी प्रयोग केला.

खरी कसोटी १९७१ सालीं लागली. पूर्व बंगालांतील युद्धामुळें लक्षावधि निर्वासित सीमा ओलांडून आले, आणि पश्चिम बंगालमधील बनगांव येथें पटकी उसळली. तेथील लहानशा रुग्णालयांत जमिनीवरही रोगी दाटले होते, आणि शिरेंतून द्यावयाच्या पाण्याचा सांठा संपत आला. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांच्या पुड्या कलकत्त्यांत तयार करविल्या, त्यांचें पाणी पिंपांत कालविलें, आणि तें पाजण्याचें काम रोग्यांच्या आई, बाप, भाऊ यांच्या हातीं सोंपविलें. त्यांच्या पथकानें तपासलेल्या तीन हजारांहून अधिक रोग्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा सुमारें ३.६ इतकें उतरलें. उपचाराविना तीव्र पटकीचे निम्म्यापर्यंत रोगी दगावतात, हें लक्षांत घेतां या आंकड्याचा अर्थ कळेल. तेथें बहुतेक रोग्यांची परिचारिका कोणी शिकलेली बाई नव्हती. नात्याचें माणूस व त्याच्या हातांतील पेला हीच ती परिचारिका. डॉ. महालनबीस २०२२ सालीं निवर्तले.

जलसंजीवनी कशी करावी व द्यावी

पुडीवर लिहिलें असेल तेवढ्याच, बहुधा एक लिटर, स्वच्छ पाण्यांत संपूर्ण पुडी विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजानें कालवूं नये. २००२ पासून प्रचारांत असलेल्या प्रमाणानुसार एक लिटरच्या पुडींत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतें. पुडी न मिळाल्यास तात्पुरता उपाय म्हणून एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालावें. मीठ वाढवूं नये. चव अश्रूंहून खारट लागली तर तें पाणी टाकून दुसरें करावें. केलेलें पाणी झांकून ठेवावें, व चोवीस तासांनंतर उरलेलें फेंकून द्यावें.

प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर, आणि त्याहून मोठ्यांस हवें तितकें द्यावें. अंगावरचें दूध मुळींच बंद करूं नये. बाजारांतील फार गोड पेयें या कामीं उपयोगी नाहींत. अति साखर आंतड्यांत उलट पाणी ओढून घेते व जुलाब वाढवते. आपल्याकडील मीठ घातलेली भाताची पेज व ताक हीं मात्र सोबतीस चांगलीं. आजींचें सारेंच शास्त्र चुकीचें नव्हतें. पेज त्यांनाही ठाऊक होती, फक्त ती त्या दुसऱ्या दिवशीं देणार होत्या. मुलास जस्ताच्या गोळ्या किती दिवस द्याव्या हें डॉक्टरांस विचारावें.

रोगी गुंगींत असेल, त्यास पितां येत नसेल, वांती थांबत नसेल, शौचांत रक्त दिसत असेल, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सोडल्यावर सावकाश मागें जात असेल, किंवा सहा तासांत लघवी झाली नसेल, तर घरीं थांबूं नये. तात्काळ रुग्णालयांत न्यावें, आणि रोगी जागा असल्यास वाटेंतही चमचा चालूं ठेवावा.

अन्नाविषयीं

तापांत उपाशी ठेवावें ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. युरोपांतही ती शतकानुशतकें होती. डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्ह्ज (१७९६-१८५३) यांनीं तापकऱ्यांस अन्न देण्याचा आग्रह धरून ती चाल मोडण्यास आरंभ केला. ताप एक अंश सेल्सियसनें चढला कीं शरीराचा खर्च शेंकडा दहाहून अधिक वाढतो. जमा बंद आणि खर्च वाढलेला, अशा स्थितींत शरीर आपलेच स्नायु जाळूं लागतें, आणि ताप उतरल्यावरही रोगी उठूं शकत नाहीं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं आपल्या शुश्रूषेवरील प्रसिद्ध पुस्तकांत (१८५९) अन्नाचीं दोन प्रकरणें घातलीं आहेत. पहिलें प्रकरण अन्न घेण्याविषयीं आहे, आणि कोणतें अन्न हा विषय त्यानंतर येतो. हा क्रम विचार करण्यासारखा आहे. ताटांत काय वाढलें हा प्रश्न दुय्यम. त्यांतलें पोटांत किती गेलें हा मुख्य. ताट भरून नेलें व तसेंच परत आणलें, तर रोगी उपाशीच राहिला.

म्हणून दर दोन-तीन तासांनीं थोडें थोडें द्यावें. मऊ भात, मुगाचें वरण, नाचणीची आंबील, दहीं, केळें, चालत असल्यास उकडलेलें अंडें, हे पदार्थ बहुधा पचतात. जेवणाआधीं तोंड स्वच्छ करावें. कोरड्या, बुळबुळीत तोंडास कोणतेंच अन्न रुचत नाहीं. रोग्यास बसवून किंवा उशांचा टेंका देऊन भरवावें, एक घांस गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास त्यास आडवा करूं नये. घोटाबरोबर ठसका लागत असेल किंवा आवाज घोगरा होत असेल तर थांबावें व डॉक्टरांस कळवावें. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी घालण्याची आपल्याकडे फार घाई असते. तें पाणी पोटांत न जातां श्वासनलिकेंत जातें. तसें कदापि करूं नये.

जेथें पाणी मोजूनच द्यावें लागतें

पाणी अधिक तितकें बरें, असाही कोणी समज करून घेऊं नये. हृदय दुर्बळ झालेल्या व मूत्रपिंडें बिघडलेल्या कांहीं रोग्यांस डॉक्टर दिवसाचें पाणी ठरवून देतात. त्यांच्या अंगांत पाणी सांठतें, पायांवर सूज येते, निजल्यावर धाप लागते. अशा रोग्याचें वजन रोज सकाळीं, लघवीनंतर व न्याहारीपूर्वीं, एकाच काट्यावर करावें. एक लिटर पाण्याचें वजन एक किलो. म्हणून रात्रींत एक किलो वाढलें तर तें मांस नव्हे, पाणी होय, असें समजून डॉक्टरांस कळवावें. एकास पाणी न दिल्यानें अपाय, दुसऱ्यास फार दिल्यानें अपाय; दोघांसही तारणारी वस्तु एकच, ती म्हणजे वही.

वही कशी ठेवावी

प्रथम घरांतील पेला व वाटी यांत किती मिलिलिटर मावतात तें औषधाच्या मापानें एकदां मोजून वहींत लिहावें. मग पानाचे दोन भाग करावे; डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. प्रत्येक नोंदीपुढें वेळ घालावी. लघवी एखाद्या जुन्या मापाच्या भांड्यांत घेऊन मोजावी व रंग लिहावा. जुलाब व वांत्या यांची संख्या आणि अंदाज लिहावा. घाम फार आला असल्यास तेंही टिपावें.

उदाहरणार्थ, तापानें निजलेल्या एका प्रौढाचा दिवस पाहूं. सकाळीं चहा १५० मिलिलिटर, पेज २५०, मग पाणी २००, दुपारीं पातळ वरण १५०, चार वाजतां लिंबाचें सरबत २००, सायंकाळीं ताक २००, रात्रीं पाणी १५०. घरचीं माणसें म्हणतील, दिवसभर कांहीं ना कांहीं घेतच होते. पण बेरीज १३०० च होते. निरोगी मनुष्य नुसत्या पिण्यांतून दीड लिटर घेतो; या रोग्याचा तर ताप व घाम यांचा जादा खर्च आहे. उजवीकडे पाहावें तों लघवी गडद पिवळी व थोडी. वही नसती तर हा तोटा कोणास दिसला नसता. ५० किलोंच्या प्रौढास दिवसांत ६०० मिलिलिटरहून कमी लघवी झाली, तर ती गोष्ट डॉक्टरांस सांगण्याजोगी आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.

विद्यार्थ्यांनीं करून पाहावें

१. आपल्या घरचा पेला, वाटी व लहान चमचा यांचीं मापें काढा.
२. सुटीच्या एका दिवशीं स्वतःच्या पाण्याची जमा लिहून बेरीज करा.
३. जलसंजीवनीची एक पुडी वडिलांच्या किंवा आईच्या देखत नीट कालवून दाखवा, आणि घरांतील सर्वांस चव घ्यावयास सांगा.
४. घरांतील आजोबा-आजी सायंकाळनंतर पाणी कां पीत नाहींत, हें त्यांस आदरानें विचारा, व रात्रीं दिवा आणि आधार यांची सोय करा.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, आपल्या मुलामुलींनीं शाळेंत शिकलेली अशी एखादी गोष्ट घरीं सांगितली, तर ती लहान तोंडीं मोठा घांस म्हणून उडवून देऊं नये. आणि विद्यार्थ्यांस हें सांगावयाचें कीं, वडीलधाऱ्यांचा मान राखून खरी गोष्ट वेळेवर सांगतां येते. आम्ही त्या दिवशीं सकाळीं जो संकोच केला, त्याची किंमत एका मुलानें दुपारपर्यंत तहानेनें भरली. सुदैवानें ती तेवढ्यावरच भागली.